आसरांचे पाणी

सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे धायरी हे गाव २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि त्याच्या पाण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीकडून शहराकडे गेली. टेकडीवरच्या धारेश्वराला मानणाऱ्या या परिसराचे पाण्याशी असलेले नाते मात्र नळजोडणीहून पुष्कळ जुने आहे, आणि ते उलगडायचे तर दख्खनच्या विहिरी, टाकी व कुंडे यांच्याभोवती गुंफलेल्या कथांकडे वळावे लागते.

या कथांचे मूळ काही अंशी खडकातच आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून बनलेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, स्वतः पाणी फारसे शोषत नाही. पाणी साठते ते त्याच्या भेगांमध्ये, वरच्या झिजलेल्या मुरमात आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. त्यामुळे एखादी विहीर ऐन वैशाखातही तग धरते आणि बांधापलीकडची विहीर होळीच्या आधीच तळ गाठते. पाण्याची जागा सांगणारा पाणाडी हातात नारळ किंवा झाडाची दुबेळकी फांदी घेऊन शिवारात फिरत असे, पण तो का चुकला किंवा का बरोबर ठरला हे त्यालाही सांगता येत नसे. जे पाणी उन्हाळ्यात आटत नाही ते कोणाच्या तरी मर्जीने टिकले आहे, ही समजूत अशा भूभागात स्वाभाविकच म्हणावी लागेल. धायरीच्या डोक्यावर असलेल्या सिंहगडावरील देवटाके या कातळात खोदलेल्या हौदाला नावातच देवपण मिळाले आहे, आणि महात्मा गांधी पुण्यात मुक्कामी असत तेव्हा तेथले पाणी मागवत, असे आजही सांगितले जाते.

विहिरीतल्या या मर्जीला मावळात आणि देशावर एक ठरलेला चेहरा आहे, तो सात आसरांचा. आसरा म्हणजे अप्सरा, पाण्याच्या काठी नेहमी समूहानेच राहणाऱ्या सात देवता. त्यांची मत्स्या, कूर्मी, कर्कटी, मकरी अशी जलचरांवरून आलेली नावे पाहिली, तर मासा, कासव, खेकडा आणि मगर यांनी भरलेला डोहच डोळ्यांपुढे येतो. त्यांना बहुधा मूर्ती नसते. शेंदूर माखलेले सात खडे विहिरीच्या भिंतीतल्या देवळीत, म्हणजे कोनाड्यात, किंवा काठावरच्या झाडाखाली मांडलेले असतात, शेजारी कधी म्हसोबा असतो, आणि नव्या विहिरीला पाणी लागले की त्यांना खण, हिरव्या बांगड्या व दहीभाताचा नैवेद्य दिला जातो. बाळंतीण घराबाहेर पडून पुन्हा पाणी भरू लागण्याआधी विहिरीची पूजा करते, हीदेखील त्याच नात्याची एक रीत. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासच्या पायवाटा तुडवून मातृदेवतांची ठाणी नोंदवली आणि मावळातल्या जलदेवतांचा संबंध कार्ले येथील लेण्यांच्या शिलालेखांपर्यंत नेऊन भिडवला. त्यांचे सगळे निष्कर्ष मान्य नसले, तरी ग्रंथांत फारसे स्थान नसलेल्या देवता पाणवठ्यावर शतकानुशतके टिकतात, हे त्यांचे निरीक्षण कोणत्याही जुन्या विहिरीवर पडताळून पाहता येते.

आसरा भर दुपारी आणि तिन्हीसांजेला पाण्यावर येतात, एकट्यादुकट्याला ओढून नेतात आणि विटाळ झाल्यास रुसून पाणी आटवतात, असे मानले जाते. या भीतीतून तयार झालेले नियम पाहिले, तर पोरांनी एकटे विहिरीवर जाऊ नये, पायताण काठाबाहेर काढावे, पाण्यात घाण करू नये, अशी एक लेखी नसलेली पाणवठ्याची आचारसंहिताच हाती लागते. याच वृत्तीची दुसरी कथा लग्नाच्या भांड्यांची आहे. गावात कार्य निघाले की यजमानाने विहिरीवर जाऊन प्रार्थना करावी, सकाळी काठावर हवी तेवढी भांडी मिळावीत आणि कार्य उरकल्यावर ती घासूनपुसून परत करावीत, हा शिरस्ता कोणा लोभी माणसाने एक भांडे ठेवून घेईपर्यंत चालला आणि मग कायमचा बंद पडला. नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून अशा लोकसमजुती गोळा केल्या होत्या; १९०९ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती सामग्री संपादित केली, आणि १९१५ मध्ये निघालेल्या कोकणाच्या खंडात या जातीच्या कथा आढळतात. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात फ्रेन्शॅम येथील चर्चमध्ये असलेल्या मोठ्या कढईविषयीही उसनी घेऊन वेळेवर परत न केल्याची अशीच कथा प्रचलित आहे.

मुंबईत या कथा समुद्राला लागून उभ्या राहतात. वाळकेश्वरची बाणगंगा तहानलेल्या रामाच्या बाणाने उसळली असे सांगतात, तर चर्चगेटजवळची, १७२५ मध्ये भिकाजी बेहराम या पारशी गृहस्थांनी खोदलेली विहीर खाऱ्या पाण्याच्या इतक्या जवळ असूनही गोड राहिल्याने पारशांना वंदनीय झाली.

पावित्र्याची ही आचारसंहिता सर्वांसाठी सारखी मात्र कधीच नव्हती. जो नियम पाण्यात घाण टाकू देत नसे, तोच नियम काही माणसांच्या स्पर्शालाच घाण ठरवत असे, आणि ही बाजू वगळून पवित्र विहिरींचे गोडवे गाणे प्रामाणिक ठरणार नाही. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध व दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून त्याची ‘शुद्धी’ केली, आणि तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात शाबीत होईपर्यंत १९३७ साल उजाडले.

शिवाय शुद्धीच्या कल्पनेला दिसत नव्हते असेही काही पाण्यात होते. पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जाता येणाऱ्या विहिरींना बारव म्हणतात. स्थापत्य म्हणून त्या देखण्या असल्या, तरी नारूचा प्रसार होण्यास त्यांच्याइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. नारूचा रोगी पाण्यात पाय बुडवी, जखमेतल्या जंताची पिल्ले पाण्यात सुटत, त्यांना सूक्ष्म जलकीटक गिळत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात वर्षभराने पुन्हा हातभर लांबीचा जंत तयार होई. महाराष्ट्रही या रोगाने ग्रासलेल्या राज्यांपैकी एक होता. पाणी कापडातून गाळणे, पायऱ्या बुजवून बारवेचा आड करणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे या साध्या उपायांनी रोग हटत गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदवला गेला, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

धायरीच्या परिसरात पाण्यातल्या न दिसणाऱ्या दूषणाचा हा प्रश्न २०२५ च्या जानेवारीत वेगळ्या रूपाने पुढे आला. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या सिंहगड रस्त्यालगतच्या भागांत जीबीएसचे, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडतात. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जिवाणू आढळला, आणि चौकशीचा रोख इतर संशयित कारणांबरोबरच नांदेड गावातल्या सार्वजनिक विहिरीकडेही वळला. अशा विहिरीच्या बाबतीत आज तपासायची गोष्ट अगदी रूक्ष आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, पाणी क्लोरीनने निर्जंतुक केले असेल तर ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा लागतो, म्हणून विहिरीवर औषध टाकल्याची नोंद पाहून तपासणी पुरी होत नाही. वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरातला नमुनाही घ्यावा लागतो.