तारेचा राखणदार

फ्यूज उडाला की आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो, ‘जरा मोठा घाला, म्हणजे उडायचा नाही!’ छतावर सौर पॅनेल आणि कोपऱ्यात बॅटरी असलेल्या घराला हा सल्ला आग लावू शकतो. मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.; पण मात्रा मोजायची सवय असलेल्याला अँपिअर मोजणं जड जाऊ नये.

मुळात फ्यूज कशासाठी? दिव्यासाठी नाही, तारेसाठी. पेलवेल त्याहून जास्त प्रवाह वाहिला की तार तापते, आवरण वितळतं, आग लागते. त्याआधी फ्यूजनं स्वतः वितळायचं. म्हणून त्याचा आकडा कामाच्या प्रवाहाहून मोठा, पण तारेच्या क्षमतेहून लहान हवा.

हिशेब करून पाहू. ५०० वॉटची उपकरणं २३० व्होल्टवर सुमारे २ अँपिअर घेतात. तीच १२ व्होल्टच्या बॅटरीकडून ४२ अँपिअर मागतात. इन्व्हर्टरमधला तोटा आणि उतरलेली बॅटरी धरली, तर ५३च्या आसपास. त्यावर पाव पट जादा धरा, झाले ६६. तेव्हा ७०चा फ्यूज घ्यावा. तार ७० अँपिअर पेलणारी नसेल, तर ती जाड घ्यावी.

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून गाफील राहू नये. उंदरानं आवरण कुरतडलं आणि दोन तारा एकमेकींना भिडल्या, तर १५० अँपिअर-तासांची बॅटरी हजारावर अँपिअर ओतू शकते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून असावा. टोकापासून फ्यूजपर्यंतची तार बेवारस असते.

घरच्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळं फ्यूज वितळताना पडलेली ठिणगी विझते. बॅटरीचा आणि पॅनेलचा प्रवाह एकाच दिशेचा; तिथं ठिणगी जळत राहू शकते. म्हणून फ्यूजवर ‘डीसी’ आणि पुरेसे व्होल्ट लिहिलेले आहेत ना, ते पाहावं.

पॅनेलची गोष्ट निराळी. तिथं शॉर्ट झालं तरी प्रवाह थोडाच वाढतो. पण तीन किंवा अधिक रांगा समांतर जोडल्या, की बाकीच्यांचा प्रवाह बिघडलेल्या रांगेत उलटा घुसू शकतो. तेव्हा प्रत्येक रांगेला वेगळा फ्यूज हवा. त्याचा कमाल आकडा पॅनेलच्या पाठीवर छापलेला असतो.

फ्यूज उडाला, तर आधी कारण शोधावं; मग त्याच आकड्याचा नवा बसवावा. असे दोन फ्यूज घरात ठेवलेले बरे, म्हणजे रात्री अंधारात तांब्याची तार गुंडाळायचा मोह होत नाही.