अंतर साडेतीनपट, वेळ मात्र दुप्पट!

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला जाण्यास विमानाला सुमारे एक तास लागतो, तर दिल्लीला जाण्यास सुमारे दोन तास. मग दिल्ली मुंबईच्या दुप्पट लांब असेल का? अंदाज करण्यापेक्षा अंतर मोजूनच पाहू.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. चिकलठाणा आणि दिल्ली या विमानतळांच्या अक्षांशांत ८.७ अंशांचा फरक आहे, म्हणजे दिल्ली ९६६ किलोमीटर उत्तरेला आहे. रेखांशांतील फरक १.७ अंशांचा. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०१ किलोमीटरच भरतो. तेव्हा दिल्ली १७२ किलोमीटर पूर्वेलाही आहे. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजू झाल्या. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढा. तो सुमारे ९८० किलोमीटर येतो. एवढ्या अंतरासाठी पृथ्वीचा गोलावा विचारात घेतला नाही तरी चालते. याच रीतीने मुंबईचे अंतर सुमारे २८० किलोमीटर येते.

म्हणजे दिल्ली दुप्पट नव्हे, साडेतीनपट लांब आहे! मग वेळ साडेतीन तास का लागत नाही?

दोन्ही प्रवासांतील फरक पाहा. दिल्लीचा प्रवास ७०० किलोमीटरने अधिक आहे आणि त्याला ६० मिनिटे अधिक लागतात. म्हणजे हा जादा प्रवास ताशी ७०० किलोमीटर वेगाने झाला. या वेगाने मुंबईचे २८० किलोमीटर २४ मिनिटांतच संपायला हवेत. उरलेली ३६ मिनिटे गेली कुठे? दिल्लीच्या ९८० किलोमीटरना ८४ मिनिटे लागतील. तेथेही ३६ मिनिटेच उरतात!

हा वेळ प्रत्येक उड्डाणाला द्यावाच लागतो. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, परवानगीसाठी थांबणे, कमी वेगाने वर चढणे, उतरण्याआधी वेग कमी करून वळसा घेणे, हे सारे त्यात येते. प्रवास जवळचा असो की लांबचा, ही कामे टळत नाहीत.

म्हणून विमानाच्या वेळेचे सूत्र असे मांडता येईल:

वेळ (मिनिटे) = ३६ + (अंतर ÷ ७००) × ६०

बीजगणितातील y = mx + c ते हेच. आलेख सरळ रेषा येतो, पण ती आरंभबिंदूतून जात नाही. म्हणूनच येथे त्रैराशिक फसते.

सूत्राची परीक्षा घेऊ. नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. सूत्रानुसार वेळ ३६ + ५८ = ९४ मिनिटे. वेळापत्रकातही साधारण दीड तासच दिसतो.

मात्र हे सूत्र मुंबई-न्यूयॉर्कला लावू नका. सुमारे १२,५०० किलोमीटरच्या त्या प्रवासात ३६ मिनिटे किरकोळ ठरतात. पृथ्वीचा गोलावा तेथे विसरून चालत नाही, आणि दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारेही हिशेबात घ्यावे लागतात. त्या वाऱ्यांमुळेच न्यूयॉर्कहून परत येण्यास जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

आता गावाहून सुटणाऱ्या एसटीचे वेळापत्रक घ्या आणि असाच आलेख काढा. तुमच्या एसटीची ‘३६ मिनिटे’ किती येतात?