उष्टावणानंतरचा प्रश्न

मूल सहा महिन्यांचे झाले की आपल्याकडे उष्टावण होते. मामा बाळाला खिरीचे बोट चाटवतो, आप्तेष्ट कौतुक करतात आणि सोहळा संपतो. परंतु त्या दिवसापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत बाळाच्या वाटीत नेमके काय पडते, याचा विचार घरही फारसे करीत नाही आणि शासनही करीत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे पाहावेत. देशातील सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी बालके केवळ ११ टक्क्यांच्या आसपास होती. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. केवळ दारिद्र्याने या आकड्यांचा उलगडा होत नाही. खात्यापित्या घरांतील मुलेही त्यांत आहेत.

जन्मतः बरोबर आणलेला लोहाचा साठा साधारणतः सहा महिन्यांत सरत येतो. आईच्या काय किंवा गाईच्या काय, दुधात लोह अत्यल्प असते. म्हणजे ते वरच्या अन्नातूनच मिळायला हवे. आठ किलो वजनाच्या मुलाच्या पोटात मात्र एका वेळी जेमतेम पाव लिटर अन्न मावते. ती जागा भाताच्या पेजेने किंवा वरणाच्या निवळीने भरली, तर मूल शांत होते, पण पोसले जात नाही. चहात बुडवलेल्या बिस्किटाने तर भूक मरते, शिवाय चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही.

यावर महागडे डबे हा उपाय नव्हे. वरणाचे पाणी न देता घट्ट वरणच मऊ भातात कालवावे, वर चमचाभर तेल वा तूप घालावे, लिंबू पिळावे. नाचणीत दुधाच्या दुपटीहून अधिक कॅल्शियम असते. शेंगदाण्याचे बारीक कूट, पालेभाजी, अंडे आणि ज्या घरांत चालते तेथे मासळी वा मटण यांतून प्रथिने व लोह मिळते. हे सारे आपल्याच स्वयंपाकघरात असते. ते मुलाच्या वाटीपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

का पोहोचत नाही? मुलाला दिवसातून चार वेळा, थोडे थोडे, धीराने भरवावे लागते. आणि ज्या आईने भरवायचे ती त्या वेळी शेतावर, ऊसतोडीवर किंवा बांधकामावर असते. लहानग्याला सांभाळणाऱ्या आठ वर्षांच्या बहिणीच्या हाती बिस्किटाचा पुडा येतो. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी गावोगाव नेली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण तेथे बसून ताजे अन्न खाणारे मूल बहुधा तीन वर्षांपुढचे असते. त्याहून लहानासाठी घरी शिधा दिला जातो, आणि तो घरातील साऱ्यांत वाटला जातो. वाढीचा अत्यंत निर्णायक काळ असा योजनेच्या उंबरठ्याबाहेरच राहतो.

म्हणून केवळ मातांना उपदेश करून भागणार नाही. कामाच्या ठिकाणी पाळणाघर, तेथे दुपारची गरम वाटी आणि ती भरवणारे एक वेतन घेणारे माणूस, एवढी तरतूद झाली पाहिजे. शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला आपण मंदबुद्धी ठरवतो. त्याच्या मागे पडण्याचा आरंभ कदाचित पातळ पेजेच्या त्या वाटीत झालेला असतो.