प्राणवायूवांचून जगणारे जीव

कोळंबच्या खाडींत ओहोटीच्या वेळीं चिखल थोडा उकरून पाहावा. वरचा थर दूर होतांच खालीं काळाकुट्ट, कुजक्या अंड्यासारख्या वासाचा गाळ लागतो. तेथें प्राणवायु पोहोंचत नाहीं. तरीहि अशा गाळांत, गोठ्यांत रवंथ करणाऱ्या गाईच्या पोटांत, आणि दुर्दैवानें कधीं कधीं आपल्या आंतड्यांतहि एकपेशीय जीव सुखानें नांदतात. हें कसें घडतें?

आपल्या बहुतेक पेशींत तंतुकणिका नांवाचीं सूक्ष्म अंगकें असतात. प्राणवायूच्या साह्यानें अन्नांतील शक्ति मोकळी करणें हें त्यांचें काम. हीं अंगकें म्हणजे मूळचे स्वतंत्र जीवाणू होत. फार प्राचीन काळीं एका पेशीनें अशा जीवाणूस आंत घेतलें, आणि पाहुणा कायमचा घरचा झाला. लिन मार्ग्युलिस या अमेरिकन विदुषीनें १९६७ सालीं हें मत जोरानें मांडलें.

आतां जेथें प्राणवायूच नाहीं, तेथें या अंगकाचें काय होतें? जनुकांत लहानमोठे बिघाड नेहमींच होत असतात. उपयोगी जनुक बिघडला तर जीव मरतो. निरुपयोगी बिघडला तर कांहींच अडत नाहीं, व तो बिघाड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. अशा रीतीनें अंगक पालटत जातें. गुरांत गर्भपात घडविणाऱ्या एका जीवांत १९७३ सालीं असें पालटलेलें अंगक सांपडलें. तें प्राणवायूवांचून थोडी शक्ति निर्माण करतें व हायड्रोजन वायु सोडतें. म्हणून त्यास हायड्रोजेनोसोम म्हणतात. गाईच्या पोटांतील कित्येक जीवांतहि तें आहे. त्यांचा हायड्रोजन घेऊन दुसरे सूक्ष्मजीव मिथेन वायु बनवितात, आणि गाय तो ढेंकरेवाटे बाहेर टाकते.

आमांशाच्या अमीबांत तंतुकणिका दिसत नाहींत. म्हणून त्याच्या पूर्वजांत त्या कधीं नव्हत्याच, असें पुष्कळांस वाटे. परंतु १९९५ सालीं त्याच्या जनुकांत त्यांच्या खुणा आढळल्या, आणि १९९९ सालीं मायटोसोम नांवाचा इवलासा अवशेषहि सांपडला. जियार्डिया या दुसऱ्या आंत्रजीवांत तो २००३ सालीं दिसला. जियार्डियाचा अवशेष शक्ति निर्माण करीत नाहीं. लोह व गंधक यांची आवश्यक जुळणी मात्र करतो. २०१६ सालीं तर अवशेषहि न उरलेला एक जीव शास्त्रज्ञांनीं दाखवून दिला. तेव्हां जें साधें दिसतें तें प्राचीनच असतें, असें नव्हे.

हें ज्ञान केवळ कुतूहलाचें नाहीं. मेट्रोनिडाझोल हें औषध या जीवांच्या प्राणवायुविरहित रसायनक्रियेमुळेंच त्यांच्या शरीरांत विषारी बनतें. आपल्या पेशी बहुतांशीं सुरक्षित राहतात. तथापि औषधापेक्षां सावधगिरी बरी. पावसाळ्यांत विहिरीचें पाणी दूषित होण्याचा संभव असतो. तें उकळून प्यावें व जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावे, ही गोष्ट पालकांनीं घरीं कटाक्षानें पाळावी. परमेश्वरानें दिलेल्या बुद्धीचा हाच खरा उपयोग होय.