प्रयोगशाळेंतील फुटकी कांच

शाळेच्या वार्षिकांत शास्त्रीय विषयावर लिहावयाचें झालें म्हणजे लेखक बहुधा ग्रहताऱ्यांकडे जातो, नाहीं तर अणूच्या पोटांत शिरतो. आम्ही मात्र आज वाचकांस प्रयोगशाळेच्या कोपऱ्यांतील केराच्या टोपलीपाशीं नेणार आहों. विषय हलका वाटेल. परंतु तो आम्हांस गेल्या वर्षीं घडलेल्या एका प्रसंगानें शिकविला, आणि तो प्रसंग सहजासहजीं विसरतां येण्याजोगा नाहीं.

श्रावणांतील एका दुपारीं रसायनाच्या तासाला कोणाच्या तरी हातून एक चंचुपात्र फुटलें. फुटणें हा कांहीं अपराध नव्हे. परंतु फुटलेल्या भांड्याची भरपाई द्यावी लागे, म्हणून तुकडे गुपचूप उचलून टोपलींत टाकण्यांत आले व त्यांवर गाळणकागदांचे बोळे रचण्यांत आले. सायंकाळीं झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या. टोपली भरली असली म्हणजे आंतील कागद हातानें दाबून आणखी केर बसवावयाचा, ही त्यांची पंधरा वर्षांची रीति. त्या दिवशीं दाबतांना कांचेचा एक लांबट तुकडा त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशीं शिरला. सहा टांके पडले. अंगठा वाकविणारी कंडरा थोडक्यांत वांचली, असें डॉक्टरांनीं सांगितलें. तीन आठवडे मावशींस भाकरी थापतां आली नाहीं.

वर्गांत विचारपूस झाली. कोणी कबूल झालें नाहीं. पुढें आठ दिवसांनीं एक विद्यार्थी आपण होऊन आमच्याकडे आला. त्याचें नांव आम्ही येथें सांगणार नाहीं. "सर, मला वाटलें, टोपलींत टाकलें म्हणजे संपलें," एवढेंच तो म्हणाला. त्याला रागें भरावें असें आमच्या मनांत आलें नाहीं, कारण खरें पाहतां आम्ही शिक्षकही इतकीं वर्षें तेंच मानीत आलों होतों.

कांच इतकी कापते कां, हें प्रथम पाहूं. ती स्फटिकासारखी दिसली तरी स्फटिक नव्हे. तिच्यांतील अणूंची मांडणी नियमित नसल्यामुळें मिठाच्या खड्याप्रमाणें ती ठराविक पातळींत दुभंगत नाहीं. शिंपल्याच्या पोटासारखी वळणदार फुटते व तिच्या कडा अत्यंत पातळ निघतात. लोखंडाच्या पात्याला शिळेवर घासून धार आणावी लागते. कांचेला ती फुटतांक्षणींच येते. त्यांतून ती पारदर्शक. बोरोसिलिकेट कांचेची नळी ग्लिसरिनमध्यें बुडविली असतां दिसेनाशी होते, हा गमतीचा प्रयोग पुष्कळांनीं पाहिला असेल. दोहोंचा अपवर्तनांक सुमारें १.४७ असल्यामुळें असें होतें. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे पाण्यांत कांच अगदींच लोपत नाहीं, तरी मोरींत साबणाचा फेंस असेल तर लोपल्यासारखीच. यास्तव मोरींत भांडें फुटलें तर आधीं पाणी वाहून जाऊं द्यावें आणि मगच चिमट्यानें तुकडे काढावे. सूक्ष्मदर्शकाखालीं वापरावयाची आच्छादनकांच तर याहूनही दुष्ट. तिची जाडी सामान्यतः ०.१७ मिलिमीटर, ती टेबलावर पडली कीं नुसत्या डोळ्यांस सांपडत नाहीं, तळहातास मात्र बरोबर सांपडते.

फुटलेली कांच बोटांनीं उचलूं नये, हा पहिला नियम. आसपासच्या मुलांनीं जागच्या जागीं उभें राहावें. मोठे तुकडे चिमट्यानें घ्यावे, बारीक केरसुणीनें सुपलींत लोटावे, आणि राहिलेला चुरा ओल्या कापसानें किंवा ओल्या कागदानें टिपून घ्यावा. तो कागद वा कापूसही कांचेबरोबरच जावा. फडक्यानें मात्र पुसूं नये, कारण फडकें पुन्हां धुण्यास जातें आणि त्यांतील कण धुणाऱ्याच्या हातीं लागतात. शेवटीं विजेची बॅटरी जमिनीलगत आडवी धरून पाहावें. उभ्या प्रकाशांत न दिसणारे कण तिरप्या प्रकाशांत चमकून उठतात. पात्रांत अम्ल असतां तें फुटलें तर अगोदर खावयाचा सोडा थोडा थोडा शिंपडावा, फसफस थांबली म्हणजे मग कांचेला हात घालावा. हात म्हणजे अर्थात् चिमटा. उष्णतामापकांत पारा असेल तर केरसुणी मुळींच लावूं नये, कारण तिनें पाऱ्याचे थेंब फुटून अधिक बारीक होतात व त्यांची वाफ वाढते. खिडक्या उघडाव्या, पुठ्ठ्याच्या कडेनें थेंब एकत्र करून पाण्याच्या बाटलींत घ्यावे, आणि बाटली निराळी ठेवावी. आमच्या प्रयोगशाळेंत आतां अल्कोहोलचेच उष्णतामापक घेतले जातात, त्यामुळें ही पीडा बरीचशी गेली.

उचललेली कांच कोठें ठेवावयाची? आम्हीं दुधाच्या भुकटीचा एक मोठा पत्र्याचा डबा घेतला व दाराजवळ ठेविला. त्यांत कांचेखेरीज कांहीं टाकावयाचें नाहीं, तुकडे आधीं विसळून घ्यावयाचे, आणि तीन चतुर्थांश भरला कीं डबा बंद करावयाचा. दाबून जागा करावयाची नाहीं. प्लॅस्टिकची पिशवी या कामीं निरुपयोगी, कारण कांच ती फाडून उचलणाऱ्याच्या पोटरीस लागते. डब्यावर "कांच – हात घालूं नये" असें आम्हीं सुंदर अक्षरांत लिहविलें होतें. मावशींनीं तें पाहिलें आणि म्हणाल्या, "सर, अक्षरं माझ्या काय कामाचीं? चित्र काढा." मग चित्रकलेच्या वर्गांतील एका मुलानें रक्ताचा थेंब गळणारा पंजा काढला.

सुया आणि पातीं यांचा डबा निराळा. वनस्पतिशास्त्राच्या तासाला सूर्यफुलाच्या खोडाचे छेद घेण्यासाठीं मुलें दाढीचें पातें आणतात आणि काम झालें कीं मोडून टाकतात. मोडल्यानें तें निरुपद्रवी होतें असा समज आहे. वस्तुतः मोडल्यानें एकाचीं दोन होतात. झांकणास अरुंद फट असलेला जाड डबा ठेवून पातें आंत सोडावें. रक्तगट पाहण्यासाठीं बोट टोचतात ती सुई मात्र या डब्यांतही चालत नाहीं. तिच्या टोंकावरील रक्तावाटे यकृताचा दाह व एच.आय.व्ही. यांचे विषाणु एकापासून दुसऱ्यास जाऊं शकतात. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीं २०१६ सालीं जे नियम झाले, त्यांत अशा वस्तूंसाठीं पांढरें, अर्धपारदर्शक व न भोंसकलें जाणारें पात्र सांगितलें आहे, आणि शाळांतील प्रथमोपचाराच्या खोल्याही त्या नियमांखालीं येतात. असें पात्र रीतसर नेण्याची सोय होईपर्यंत आम्हीं तो प्रयोग विद्यालयांत बंद ठेविला आहे.

जखम झालीच तर ती वाहत्या पाण्याखालीं धुवावी, स्वच्छ कापडानें दाबून धरावी आणि लगेच शिक्षकांस सांगावें. गंजलेल्या खिळ्यानेंच धनुर्वात होतो ही समजूत चुकीची आहे. त्या रोगाच्या जंतूंचीं बीजें मातींत व धुळींत असतात आणि खोल, अरुंद जखमेंत हवा पोंचत नाहीं म्हणून तीं तेथें वाढतात. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीं टोंचावयाची लस ज्यांनीं "सुई दुखते" म्हणून चुकविली असेल, त्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.

फुटकी कांच पुन्हां भट्टींत घालतां येत नाहीं काय, असें एका विद्यार्थिनीनें विचारलें. बाटल्यांच्या कांचेस हें लागू आहे. कच्च्या मालापेक्षां कांचेचा चुरा कमी उष्णतेवर वितळतो व इंधन वांचतें. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून ज्या पैसाफंडानें १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचकारखाना उभारला, त्या आपल्या प्रांतांत हें सांगावयास नको. पण प्रयोगशाळेंतील बोरोसिलिकेट कांच निराळ्या जातीची. तापविल्यावर ती साध्या कांचेच्या जवळजवळ एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणूनच ज्योतीवर धरली तरी तडकत नाहीं. आणि तिला मऊ होण्यास उष्णताही अधिक लागते. बाटल्यांच्या भट्टींत ती न वितळलेल्या खड्यांच्या रूपानें राहते व नवी बाटली त्या ठिकाणीं कमकुवत होते. म्हणून ती बाटल्यांत मिसळूं नये.

इतकें सर्व करूनही मूळ दुखणें भरपाईच्या वहींत होतें. जेथें फुटलेल्याची किंमत द्यावी लागते तेथें फुटलेलें लपविलें जातें. आम्हीं मुख्याध्यापकांस विनंति केली, आणि त्याच वेळीं सांगितलेल्या फुटीची भरपाई माफ झाली. पुढील दोन महिन्यांत वहींतील नोंदी एकदम वाढल्या. कांहीं शिक्षकबंधूंस मुलें बेफिकीर झालीं असें वाटलें; आमच्या मतें भांडीं पूर्वींइतकींच फुटत होतीं, फक्त आतां आम्हांस कळूं लागलें होतें.

पहिला डबा भरण्यास पांच महिने लागले. मावशींनीं स्वतः त्याचें झांकण बसविलें, भोंवतीं चिकटपट्टीचे चार वेढे दिले, आणि सकाळीं घंटागाडी आली तेव्हां तो टोपलींत न टाकतां गाडीवरील माणसाच्या हातांत दिला. "कांच आहे, बाबा. दाबूं नकोस," असें त्या त्याला सांगत असतां आम्ही वऱ्हांड्यांत उभे होतों.