एका ग्रॅममध्ये दहा टू बीएचके!

नव्या शूजचं खोकं उघडा, नवी लॅपटॉप बॅग उघडा, व्हिटॅमिनच्या गोळ्यांची बाटली उघडा. आत एक छोटी पांढरी पुडी असतेच. ‘खाऊ नका’ असं तिच्यावर बजावलेलं असतं. आपण तिचं काय करतो? सरळ कचऱ्याचा डबा!

पण बॉस, जरा थांबा. त्या पुडीतला फक्त एक ग्रॅम सिलिका जेल घेतला आणि त्याच्या आतल्या सगळ्या बारीक पोकळ्यांच्या भिंती उलगडून जमिनीवर अंथरल्या, तर साधारण ७०० चौरस मीटर जागा व्यापली जाईल. बोरिवलीत ७०० चौरस फुटांच्या टू बीएचकेसाठी अर्धं आयुष्य ईएमआय भरावा लागतो. इथे तसे दहा फ्लॅट एका चिमटीत मावतात! मुंबईच्या पावसाळी हवेतली दमट ओल याच भिंतींवर जाऊन चिकटते आणि तुमचे शूज कोरडे राहतात.

ही जागा तयार करण्याच्या तंत्राला ‘सोल-जेल’ म्हणतात. आणि ते पुडीपुरतं मुळीच थांबलेलं नाही. तुमच्या चष्म्यावर, सोसायटीच्या गच्चीवरच्या सोलर पॅनलवर, केमिकल कंपनीच्या रिअॅक्टरमध्ये, सगळीकडे त्याची हजेरी आहे.

फंडा दह्याचा

आईने रात्री लावलेलं दही आठवा. दुधात अतिशय बारीक कण तरंगत असतात. हा झाला ‘सोल’. विरजण लावलं की ते कण एकमेकांचे हात धरतात, भांडंभर जाळं विणलं जातं आणि पाणी त्यातच अडकून बसतं. हा झाला ‘जेल’.

सिलिकाचंही तसंच. सिलिका म्हणजे वाळूचा आणि काचेचा मुख्य घटक. काच बनवायला वाळू भट्टीत सुमारे दीड हजार अंशांवर वितळवावी लागते. सोल-जेलमध्ये सोडियम सिलिकेट किंवा टीईओएस नावाचं द्रव रसायन घ्यायचं, पाणी घालायचं आणि विरजणासारखं थोडं आम्ल किंवा अल्कली. खोलीच्या तापमानाला काचेचं ‘दही’ लागतं!

खरी कसोटी पुढे असते, वाळवताना. दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी निथळतं आणि चक्का आकसतो. सिलिकाचा जेल उघड्यावर वाळवला की तोही असाच आकसून कडक होतो, पण आतल्या पोकळ्या शिल्लक राहतात. आपल्या पुडीतले दाणे ते हेच. अमेरिकेतल्या वॉल्टर पॅट्रिक यांनी १९१९ मध्ये त्यांचं पेटंट मिळवलं. सिलिका तीच, पण पाणी कसं बाहेर काढलं आणि भोकं कशी राखली, त्यावर तिची सगळी किंमत ठरते.

पातळ थर, मोठ्या गप्पा

जेल व्हायच्या आधीच सोलमध्ये काच बुडवून बाहेर काढली, तर तिच्यावर पातळ थर बसतो. जर्मनीत येना इथल्या गेफकेन आणि बर्गर यांनी १९३९ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. त्यावर सच्छिद्र सिलिकाचा शंभर-सव्वाशे नॅनोमीटरचा थर दिला की हे परावर्तन घटतं. सोलर पॅनलच्या काचेतून त्यामुळे दोन-तीन टक्के जास्त प्रकाश आत जातो. वर्षानुवर्षं चालणाऱ्या पॅनलसाठी ही कमाई किरकोळ नाही. चष्म्याच्या प्लॅस्टिक लेन्सवरचा ‘हार्ड कोट’ही बहुतेक वेळा याच घराण्यातला असतो.

आता मुद्दा तुमच्या खिशाचा. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जागोजागी गाडीला ‘सिरॅमिक कोटिंग’ करून देणारे स्टुडिओ आहेत. त्यातली बरीच द्रव्यं सिलिकाचाच थर बनवतात. थर खराच बसतो, पाणी मोत्यांसारखं घरंगळतं, धूळ सहज निघते. पण ‘९एच’ ऐकून हुरळू नका. हा आकडा पेन्सिलच्या शिश्याच्या कडकपणाचा आहे, हिऱ्याला दहा गुण देणाऱ्या मोजपट्टीचा नाही. शुद्ध सिलिकाचा सोल-जेल थर साधारण एक मायक्रॉनपेक्षा जाड होऊ लागला की वाळतानाच तडकतो. काही कोटिंगमध्ये सेंद्रिय घटक मिसळून तो थोडा जाड करतात, पण कंपनीतून आलेला क्लिअरकोट त्याहून कितीतरी जाड, चाळीसेक मायक्रॉनचा असतो. रिक्षाने घासलं तर ओरखडा येणारच!

माटुंग्याची भोकं

कोटिंगमध्ये भोकं प्रकाशासाठी, तर उत्प्रेरकात ती रेणूंसाठी. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रियेचा मॅचमेकर. लग्न जुळवतो, स्वतः नामानिराळा. सिलिकावर बसवलेल्या क्रोमियमच्या मदतीने जगातलं बरंचसं हाय डेन्सिटी पॉलिथिलीन बनतं. तुमच्या शाम्पूची बाटली बहुधा त्याचीच.

अनेक कारखान्यांत मात्र हे काम सल्फ्युरिक आम्लासारखी द्रव आम्लं करतात. काम झाल्यावर आम्ल वेगळं काढणं कठीण, म्हणून ते अल्कलीने मारायचं, धुवायचं आणि खारट सांडपाणी सोडायचं. सेंट्रल लाइनवाल्यांनी ट्रेन पुढे अंबरनाथपर्यंत नेली, तर तिथली वालधुनी नदी दिसेल. रासायनिक सांडपाण्यामुळे ती वर्षानुवर्षं बातम्यांत आहे. सगळा दोष उत्प्रेरकाचा नाही, पण आम्लच घन रूपात असेल तर ते गाळून पुन्हा वापरता येतं आणि सांडपाण्याचा एक मोठा वाटा कमी होतो.

माटुंग्याच्या आयसीटीमध्ये, म्हणजे जुन्या यूडीसीटीमध्ये, प्रा. गणपती यादव यांनी नेमका हाच ध्यास घेतला. त्यांच्या घन आम्लांच्या मालिकेचं नावच ‘यूडीकॅट’. तिच्यातल्या काही उत्प्रेरकांत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रचनेची सिलिका वापरली आहे. साबणासारख्या लांब रेणूंभोवती सिलिकाचा जेल घडवायचा, मग ते रेणू जाळून टाकायचे. उरतात काही नॅनोमीटरची एकसारखी भोकं, आणि त्यात बसतो आम्लधर्मी झिर्कोनिया. यादव २००९ ते २०१९ आयसीटीचे कुलगुरू होते आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कोल्हापूरची ‘हवेची काच’

आणि जाळं अजिबात न कोसळता पाणी काढता आलं तर? अमेरिकेच्या सॅम्युएल किसलर यांनी १९३१ मध्ये ते करून दाखवलं. नव्वद टक्क्यांहून जास्त हवा असलेला हा घन पदार्थ म्हणजे एरोजेल. नासाच्या ‘स्टारडस्ट’ यानाने त्यातच धूमकेतूची धूळ झेलून २००६ मध्ये पृथ्वीवर आणली. उष्णता अडवण्यात तो भलताच तरबेज, पण त्यासाठी लागतात महागडी उच्चदाबाची भांडी, आणि हाती येतो काचेसारखा ठिसूळ तुकडा.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. ए. व्यंकटेश्वर राव यांच्या ‘एअर ग्लास लॅबोरेटरी’ने या दोन्ही अडचणींना हात घातला. स्वस्त सोडियम सिलिकेटच्या जेलच्या भिंतींवर पाण्याला दूर लोटणारे मिथाइल गट बसवले की वाळताना भिंती एकमेकींना चिकटत नाहीत, आणि साध्या दाबालाही एरोजेल मिळतो. २००६ मध्ये या गटाने रबरासारखा वाकणारा एरोजेल जगापुढे मांडला. त्यावर पाण्याचा थेंब अगदी अळवावरच्या पाण्यासारखा पळतो, तेल मात्र झटकन शोषलं जातं. समुद्रात तेल सांडलं तर काय, या प्रश्नाचं एक संभाव्य उत्तर पंचगंगेच्या काठी घडलं होतं!

लक्षात ठेवा

• सिरॅमिक कोटिंग करण्याआधी तीन गोष्टी विचारा: थर किती मायक्रॉनचा, किती महिने टिकणार, आणि वॉरंटी नेमकी कशावर? ओरखड्यांचं काय, हे लेखी घ्या.

• हार्ड कोट असला तरी चष्मा शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी पाण्याने धूळ घालवा.

• पांढरी पुडी फेकू नका. कॅमेऱ्याच्या बॅगेत किंवा कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. लहान मुलांच्या हाती मात्र देऊ नका. आणि दाणे निळे असतील तर त्यात कोबाल्टचा क्षार असू शकतो, ते स्वयंपाकघरापासून लांबच बरे.