अंगण वाकडें कीं पाय?

‘नाचतां येईना, अंगण वाकडें’ ही म्हण आपल्या घरांतून इतक्या वेळां उच्चारली जाते कीं, तिची सत्यता पडताळून पाहण्याची आवश्यकता कोणासच वाटत नाहीं. मुलाची बेरीज चुकली आणि त्यानें पाटीला दोष दिला, किंवा सुनेची पोळी करपली आणि तिनें तव्याकडे बोट दाखविलें, कीं वडीलधाऱ्यांच्या मुखांतून ती आपोआप बाहेर पडते. गेल्या दिवाळींत आम्हींही ती उच्चारली, व त्यामुळें एका सोळा वर्षांच्या मुलीवर आमच्या हातून अन्याय झाला. त्याचें परिमार्जन करतांना जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रसंग असा. कासू येथें आमचें लहानसें घर आहे. पेण आणि नागोठणें यांच्या मधलें हें रेल्वेचें स्थानक, भोंवतीं भातखाचरें. भात कापून झालें म्हणजे ज्या खाचरांत ओल टिकते तेथें वाल पेरतात, आणि बाकीचीं मोकळीं राहतात. अशाच एका मोकळ्या खाचरांत आमची पुतणी सुटींत रोज सकाळीं गोल्फचे टोले मारीत असे. धाकटे बंधु सहकुटुंब खारघरला राहतात. तेथें सिडकोनें डोंगराच्या कुशींत गोल्फचें मैदान केलें आहे. तें पाहून वर्षभरापूर्वीं मुलीला या खेळाची गोडी लागली.

हा खेळ आपल्या प्रांतास नवा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. मुंबईंत गोल्फचा क्लब १८४२ सालीं निघाला. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. टोकियोचें ऑलिंपिक २०२१ सालीं झालें, त्यांत पुण्याचे उदयन माने भारतातर्फे गोल्फ खेळले. तरीही आमच्यासारख्यांच्या घरांत हा ‘साहेबांचा खेळ’ म्हणूनच ओळखला जातो, आणि त्यापायीं होणारा खर्च डोळ्यांत खुपतो.

पुतणीची अडचण एकच होती. लांब पल्ल्याचा पहिला टोला ज्या दांड्यानें मारतात त्यास ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हरनें मारलेला तिचा चेंडू आरंभीं सरळ निघे, मग हळूहळू उजवीकडे वळे आणि शेजारच्या वालांत जाऊन पडे. या वळणास ‘स्लाइस’ असें नांव असून उजव्या हातानें खेळणाऱ्या नवशिक्यांस हा रोग हटकून जडतो. पुतणीचें म्हणणें, दोष दांड्याचा. तो तिच्या वडिलांच्या एका स्नेह्याकडून आलेला, जुना. नव्याची किंमत तीस-चाळीस हजारांच्या घरांत. नोकरदार बंधूंस ती रक्कम जड वाटली, व त्यांनीं प्रश्न आमच्यापुढें टाकला, “दादा, आतां तूंच काय तें सांग.”

आम्हीं म्हण सांगितली. मंडळी हसली. पुतणी कांहीं बोलली नाहीं. तिनें दांडा दाराआड उभा केला, आणि दुसऱ्या दिवशीं ती खाचरांत गेलीच नाहीं. रात्रीं पानें वाढतांना ती हळूच म्हणाली, “काका, तुम्ही मला खेळतांना एकदां तरी पाहिलें आहे का?”

आम्हीं पाहिलें नव्हतें. साक्षीपुरावा न घेतां निकाल देणाऱ्या न्यायाधीशासारखी आमची स्थिति झाली. तेव्हां खटला पुन्हा उभा करावयाचा, आणि या वेळीं दोन्ही पक्ष ऐकावयाचे, असें ठरविलें.

प्रथम मूळ प्रश्न: हवेंत गेलेला चेंडू वळतो कां? टेनिसचा चेंडू तिरप्या रॅकेटनें मारला तर वळत जातो, ही गोष्ट न्यूटननें १६७२ सालीं लिहून ठेविली होती. गोल्फच्या चेंडूचा कसून अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिंबरोचे प्राध्यापक टेट यांनीं केला. त्यांचा मुलगा नामांकित गोल्फपटु होता. चेंडूस फीत बांधून, तिला पडलेल्या पिळांवरून चेंडूच्या गिरक्या त्यांनीं मोजल्या, आणि चेंडू दूर जातो याचें मोठें कारण त्याची उलट गिरकी हें होय, असें दाखवून दिलें. दांड्याचें तोंड किंचित् मागें कललेलें असतें, त्यामुळें चेंडू पुढें जातांना मागच्या बाजूस फिरतो. ही गिरकी हवेला खालीं लोटते व हवा चेंडूस वर उचलून धरते. आतां या गिरकीचा आंस आडवा सरळ असेल तर चेंडू नुसता वर उचलला जातो. आंस उजवीकडे कलला तर उचलणारा जोरही उजवीकडे कलतो. यालाच आपण स्लाइस म्हणतों.

मग आंस कलतो कशानें? येथें दोन दिशा लक्षांत घ्याव्या लागतात. एक, टोल्याच्या क्षणीं दांड्याचें तोंड कोणीकडे आहे ती. दुसरी, दांडा कोणत्या वाटेनें फिरत आला ती. तोंड वाटेच्या उजवीकडे उघडें असलें कीं चेंडू घासला जातो आणि उजवीकडे वळतो. चेंडू प्रथम वाटेच्या दिशेनें निघतो, असें जुने शिक्षक सांगत. अलीकडे रडार यंत्रांनीं टोले मोजले गेले, तेव्हां उलट प्रकार आढळला: चेंडू निघतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेनें, आणि मग वाटेपासून दूर वळतो. पुतणीचा चेंडू सरळ निघून उजवीकडे जात होता. म्हणजे तोंड बहुतेक सरळ होतें, आणि वाट बाहेरून आंत, डावीकडे ओढलेली होती.

हें सारें आम्ही बांधावर बसून मोठ्यानें वाचीत असतां वालाचे मालक शेजारीं येऊन उभे राहिले. रोज सकाळीं त्यांच्या वालांत चेंडू पडत, म्हणून या चौकशींत त्यांचेंही हित गुंतलें होतें. ते म्हणाले, “कोयता आडवा ओढीत मारला तर घाव सरकतो, लागत नाहीं. त्यांत नवल काय?” टेटसाहेबांचा सिद्धान्त त्यांनीं एका वाक्यांत उरकला.

हातावरील आरोप येथवर बळकट झाला. आतां दांड्याची बाजू. तोच दोष इतर दांड्यांनीं मारतांना दिसत नाहीं आणि ड्रायव्हरनेंच दिसतो, ही पुतणीची मुख्य तक्रार होती, व ती खरी होती. पण तिचें उत्तर आहे. ड्रायव्हर सर्वांत लांब, सुमारें ४५ इंचांचा; त्याचें तोंड सर्वांत उभें, १० अंशांच्या आसपास कललेलें. लांब दांड्याचें तोंड वेळेवर सरळ करणें कठीण. शिवाय ज्या दांड्यांचें तोंड जास्त कललेलें असतें ते चेंडूस भरपूर उलट गिरकी देतात, आणि त्या गिरकींत बाजूचा दोष झांकला जातो. ड्रायव्हर तो झांकीत नाहीं. घरांतल्या स्पष्टवक्त्या आत्याबाईप्रमाणें तो जें आहे तें चारचौघांत बोलून दाखवितो.

तथापि दांडा सर्वस्वीं निर्दोषही नसतो. तो अंगास न जुळणारा, फार लांब वा फार ताठ असेल तर तोल जातो आणि चेंडू तोंडाच्या मध्यावर न लागतां टाचेकडे, म्हणजे मुठीच्या जवळच्या बाजूस लागतो. अशा टोल्यानें डोकें गर्रकन फिरतें व चेंडूस उलट बाजूची, उजवीकडे नेणारी गिरकी मिळते. वळण कमी व्हावें म्हणून टाचेकडे वजन घातलेले ड्रायव्हरही बाजारांत मिळतात. त्यांनीं चेंडू कांहीं यार्ड डावीकडे येतो, परंतु हाताची वाट सुधारत नाहीं. अमेरिकेंत तर १९७० नंतरच्या दशकांत आपोआप सरळ जाणारा चेंडूच निघाला होता. त्याच्या खळग्यांची रचना मुद्दाम विषम ठेविली होती. तेथील नियामक संस्थेनें १९८१ सालीं चेंडू सर्व बाजूंनीं सम असला पाहिजे असा नियम करून त्यास सामन्यांबाहेर ठेविलें.

एवढें वाचून झाल्यावर आम्ही प्रयोगास लागलों. पहिला प्रयोग: पेणहून बंधूंचे एक अनुभवी स्नेही आले व त्यांनीं तोच ड्रायव्हर घेऊन पांच टोले मारले. चार सरळ गेले. बंधु आमच्याकडे पाहून हंसले. पुतणी खालीं पाहूं लागली. परंतु हे गृहस्थ सहा फूट उंच व अंगानें धिप्पाड होते. दांडा त्यांच्या हातीं निर्दोष ठरला म्हणून तो या सडपातळ मुलीच्या हातींही तसाच ठरेल, असें कसें म्हणावें?

म्हणून दुसरा प्रयोग. चेंडूस ओला खडू फांसून तिला दहा टोले मारावयास सांगितलें, आणि प्रत्येक टोल्यानंतर तोंडावरील पांढरा ठसा पाहिला. दहांपैकीं आठ ठसे टाचेकडे होते. तिसरा प्रयोग: तिनें मूठ चार बोटें खालीं धरावी, म्हणजे दांडा तितका आंखूड होईल. पुन्हा दहा टोले. या वेळीं सहा ठसे मध्यावर आले. चेंडू अजून उजवीकडे वळत होता, पण पहिल्यापेक्षां निम्माच.

उरलेलें निम्में कोणाचें, तें मोबाईलवर संथ गतीनें घेतलेल्या चित्रांत दिसलें. दांडा खालीं येतांना तिचा उजवा खांदा आधीं पुढें येई, आणि दांडा बाहेरून आंत ओढला जाई. स्नेह्यांनीं तिला मूठ किंचित् उजवीकडे फिरवून धरावयास आणि अर्धाच टोला मारावयास सांगितलें.

निकाल असा झाला कीं, मोठा दोष टोल्याचा, लहान दोष दांड्याचा. आणि दांड्याच्या दोषावरचा उपाय, मूठ खालीं धरणें, एका पैशाचाही नव्हता. नवा ड्रायव्हर घ्यावयाचा नाहीं. त्याच्या किमतीचा थोडासा भाग कांहीं महिन्यांच्या शिकवणीस द्यावयाचा, असें ठरलें. उलट क्रमानें गेलों असतों तर नवा दांडा आला असता, चेंडू पूर्ववत् वालांत पडला असता, आणि मुलीची खात्री झाली असती कीं आपल्याला हा खेळ येणारच नाहीं.

त्या रात्रीं पानावर बसतांना आम्हीं सर्वांसमक्ष पुतणीस सांगितलें कीं, अंगण थोडें वाकडें होतें, आणि तें न पाहतांच आम्ही बोललों, ही आमची चूक. ती लाजली, पण दांडा दाराआडून बाहेर आला.

कोणत्याही घरांत मूल जेव्हां साधनास दोष देतें, तेव्हां तें बहुधा अर्धेंच खरें बोलत असतें. तें अर्धें खरें ऐकून घेतलें तर उरलेलें अर्धें तें आपल्याकडून ऐकून घेतें. म्हण टाकून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. ती उच्चारण्यापूर्वीं एकदां अंगणांत उतरून पाहावें, इतकेंच.

सुटीच्या शेवटच्या सकाळीं वालाचे मालक टोपलींत अकरा चेंडू घेऊन आले व म्हणाले, “कालपासून एकही आला नाहीं. पोर आजारी आहे कीं काय, म्हणून पाहावयास आलों.” पुतणी खाचरांतच होती. चेंडू बांधाच्या अलीकडे पडत होते.